आमाल्फी किनारा, एक दिवस आणि स्कूटर: बुकिंगपासून चावी परत देईपर्यंत

इटलीतल्या आमाल्फीच्या किनाऱ्यावर स्कूटर चालवणाऱ्याला समुद्र फारसा दिसत नाही. बुकिंगच्या पानांवरचे फोटो नेमकं उलटं सांगतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. एका बाजूला सरळसोट कडा, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा दगडी कठडा आणि मध्ये दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा रस्ता. नजर सतत पुढच्या वळणावर असते. समुद्र दिसतो तो थांबल्यावर किंवा मागे बसल्यावर. त्यामुळे मार्गदर्शकासोबतच्या या एका दिवसाच्या सहलीत ठरवायच्या मुख्य गोष्टी दोनच: हँडल कुणाच्या हातात आणि थांबायचं कुठे. बाकीची तयारी या दोन्हींच्या मागून येते.

रस्ता आधी समजून घ्या

इटलीच्या कांपानिया प्रांतात, नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतोचा डोंगराळ भूभाग समुद्रात घुसलेला आहे. त्याची दक्षिणेकडची बाजू म्हणजे आमाल्फी किनारा. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथली गावं जोडणारा रस्ता म्हणजे एसएस १६३, साधारण ५० किलोमीटरचा. एकोणिसाव्या शतकात, नेपल्सच्या बूर्बाँ राजांच्या काळात तो कड्यातून कोरून काढला. त्याआधी या गावांत जायचं म्हणजे होडी, नाहीतर खेचराची वाट.

घोडागाड्यांसाठी कोरलेल्या त्या रस्त्यावर आज सीता कंपनीच्या सार्वजनिक बस, पर्यटकांच्या मिनीबस, भाड्याच्या गाड्या आणि शेकडो स्कूटर धावतात. हंगामातल्या ठरावीक दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात मोटारींना नंबरप्लेटनुसार सम-विषमची अट असते. दुचाकींना ती नाही. अडकलेल्या रांगेच्या कडेने स्कूटर निघून जाते आणि गावात पार्किंगही त्यातल्या त्यात लवकर मिळतं. स्कूटर घेण्याचं खरं व्यावहारिक कारण हेच.

अंतरं फसवी आहेत. सोरेंतो ते पोझितानो १६ किलोमीटरच्या आसपास, तिथून आमाल्फी जवळपास तेवढंच, आमाल्फीहून वर राव्हेल्लो सहा-सात. जाऊन-येऊन ऐंशीच्या आत. पण ताशी सरासरी २५-३० च्या वर जात नाही, म्हणजे तीन तास निव्वळ हँडलवर. एका दिवसात किनाऱ्यावरची तेराही गावं दाखवतो असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला गावांच्या पाट्या दाखवणार आहे.

पायरी १: स्वतः चालवायची की मागे बसायचं

मार्गदर्शकासोबतच्या सहली दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मार्गदर्शक पुढे, तुम्ही आपापल्या स्कूटरवर मागे. दुसऱ्यात स्थानिक चालक हँडलवर आणि तुम्ही मागच्या सीटवर. दुसऱ्याला लोक उगाच कमी लेखतात. माझं मत विचाराल तर किनारा पाहायचा असेल तर मागे बसावं, स्कूटर चालवण्याचीच हौस असेल तर पुढे. दोन्ही एकदम मिळेल अशी आशा धरू नये.

स्वतः चालवायची असेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात तुम्ही नियमित दुचाकी चालवली आहे का? घाटात, उतारावर, समोरून बस येत असताना चालवली आहे का? आणि मागे कुणी बसणार असेल, तर त्या व्यक्तीला डबलसीट घेऊन अशा रस्त्यावर आधी गेला आहात का? तिन्हींना 'हो' असेल तरच. भारतात रोज स्कूटर चालवणाऱ्याचा तोल, ब्रेकवरची बोटं, गर्दीचा अंदाज हे सगळं कामाला येतं, पण इटलीत वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर हे पाच मिनिटांत जमतं. गडबड होते ती दुपारी जेवून, रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना, जेव्हा समोर गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळतो. गोल चौकातही फेरी उलट दिशेने, घड्याळाच्या विरुद्ध.

जोडप्यांसाठी एक मधला मार्ग आहे: एकाने स्वतः चालवायचं, दुसऱ्याने मार्गदर्शकाच्या किंवा चालकाच्या मागे बसायचं. बरेच आयोजक विचारल्यावर हे करून देतात.

पायरी २: कागदपत्रं, भारतातून निघण्याआधी

भारतीय परवाना एकटा इटलीत पुरत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओकडून, सारथी पोर्टलवर अर्ज करून मिळतो आणि एक वर्ष चालतो. तिकडे पोहोचल्यावर काढता येत नाही. दोन्ही परवाने मूळ स्वरूपात जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो चालणार नाही. परवान्यात दुचाकीचा वर्ग आहे ना, हे बघून घ्या. फक्त चारचाकीचा परवाना असेल तर आयोजकाला आधीच लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरा कागद लोक वाचतच नाहीत: प्रवास विम्याची पॉलिसी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते सगळे घेतात. पण अनेक पॉलिसींत दुचाकी चालवताना झालेल्या अपघाताला अटी असतात: इंजिनाची क्षमता, वैध परवाना, हेल्मेट. काहींत ते सरळ वगळलेलं असतं. 'एक्सक्लूजन'चं पान काढून दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते शोधा. मागे बसणाऱ्यानेही.

क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर बुकिंग त्याच्याच नावाचं लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात.

पायरी ३: पैसे भरण्याआधी विचारायचं

ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, म्हणजे उत्तर लिहिलेलं राहील. एका मार्गदर्शकामागे किती स्कूटर असतात? चार-पाचपर्यंत ठीक, त्याहून जास्त असतील तर शेवटी दुसरा मार्गदर्शक हवा, नाहीतर पहिल्याच बसने रांग तुटते. निघण्याआधी चाचणी फेरी असते का, आणि त्यात जमलं नाही तर मागे बसून यायची सोय आहे का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाचणी न घेता चावी देणाऱ्या आयोजकाकडे जाऊ नका. स्कूटरचं नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? पाऊस आला तर पैसे परत की तारीख बदलून? जेवण आणि प्रवेशशुल्क धरलं आहे का? आणि मार्गदर्शक रस्ता दाखवण्यापुरता आहे की गावात फिरून माहितीही देतो? काही जण नुसते पुढे स्कूटर चालवतात. तेही वाईट नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ४: महिना, वार, दिशा

एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते आणि तिच्यातली बरीचशी याच रस्त्यावर. शरद सरता सरता जोराचे पाऊस सुरू होतात, हिवाळ्यात दरडींमुळे रस्त्याचे तुकडे अधूनमधून बंद पडतात. शनिवार-रविवार टाळा.

आता दिशा, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सोरेंतोहून निघालात तर तुम्ही पूर्वेला जाता. वाहतूक उजवीकडून, समुद्रही उजवीकडे, म्हणजे तुम्ही कठड्याच्या बाजूच्या लेनमध्ये. बाहेर काढलेल्या सज्जांवर थांबायला समोरची लेन ओलांडावी लागत नाही. शिवाय पोझितानोच्या आत उतरणारा रस्ता एकेरी आहे आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातो, त्यामुळे गाव ओघात पाहून होतं. तोटा संध्याकाळी: परतताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या सालेर्नोहून निघालात तर सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळीही पाठीशी, पण जाताना तुम्ही कड्याच्या बाजूला. नवख्याला कड्याची बाजू कमी धडकी भरवते. थांबून थांबून बघायचं असेल तर सोरेंतोहून, नुसतं शांतपणे चालवायचं असेल तर सालेर्नोहून. नेपल्सहून सोरेंतोला चिर्कुमवेसुव्हियाना ही लोकल जाते, सालेर्नोला वेगवान गाड्या थांबतात. नेपल्समधूनच स्कूटर घेऊ नका. त्या शहराची वाहतूक हा वेगळा विषय आहे.

निघायची वेळ शक्यतो आठ. दहानंतर बस वाढतात.

पायरी ५: अंगावर काय, सोबत काय

पायात बंद बूट, फुल पँट, पातळ का होईना पण बाह्यांचं जॅकेट. मेमध्येही सकाळी बोगद्यातून जाताना गारवा झोंबतो. गॉगल हवाच, आणि हेल्मेटला काच नसेल तर तो धूळ-किडे यांच्यासाठीही. राव्हेल्लो किंवा आमाल्फीच्या कॅथेड्रलमध्ये जायचं तर खांदे झाकलेले हवेत, एक ओढणी किंवा स्टोल पुरतो. सीटखालच्या जागेत पाण्याची बाटली आणि रेनकोट मावतो. सॅक मागे बसणाऱ्याच्या पाठीवर नको, चढाला ती त्याला मागे खेचते.

पायरी ६: स्कूटर ताब्यात घेताना

बहुतेक ठिकाणी १२५ सीसीची व्हेस्पा किंवा तिच्यासारखी बिनगिअरची स्कूटर देतात. व्हेस्पा पिआज्जो कंपनीने १९४६ मध्ये आणली आणि तिची रचना कोर्रादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने केली होती. पत्र्याच्या बॉडीमुळे ती आपल्याकडच्या नेहमीच्या स्कूटरपेक्षा जड लागते. स्टँडवरून उतरवतानाच हा फरक कळतो, तेव्हा तिथेच दोन-तीनदा चढवून-उतरवून बघा.

सभोवार फिरून व्हिडिओ काढा: पुढचं मडगार्ड, दोन्ही बाजूंचे फुगीर पत्रे, आरसे, ब्रेकचे दांडे, चाकांच्या रिंगा. जुना ओरखडा दिसला की माणसाला दाखवा आणि फॉर्मवर नोंदवून घ्या. टायरची नक्षी बघा. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. हेल्मेट घालून हनुवटीचा पट्टा लावा आणि डोकं झटका. हेल्मेट फिरलं तर एक साइज लहान मागा. संकोच नको, दोन्ही बसणाऱ्यांना हेल्मेटची सक्ती आहे आणि सैल हेल्मेट असून नसून सारखं.

चाचणी फेरीत वेग दाखवू नका. हळू चालवून दाखवा: पायी चालण्याच्या वेगात सरळ जाणं, लहान जागेत उजवीकडे पूर्ण वळणं, चढावर थांबून पुन्हा निघणं. किनाऱ्यावर अवघड हेच असतं.

पायरी ७: प्रत्यक्ष रस्त्यावर

मार्गदर्शक सांगेल तो क्रम दिवसभर मोडायचा नाही. सगळ्यात नवखा चालवणारा मार्गदर्शकाच्या लगेच मागे. रांग नागमोडी: एक लेनच्या डावीकडे, पुढचा उजवीकडे, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. मार्गदर्शक दिसेनासा झाला तर पाठलाग करू नका. फाट्यावर तो थांबतोच, आणि फाटे इथे आहेतच किती!

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात शिरल्यावर ऍक्सिलरेटर हलकासा उघडा ठेवा. तो पूर्ण सोडला आणि वेग फारच उतरला की बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच सुटतो, गाडी मोकळी घरंगळते आणि वळणाच्या मधोमध ती डगमगल्यासारखी वाटते. नजर कठड्यावर नको, वळण जिथे संपतं तिथे. गाडी नजरेमागे जाते. बऱ्याच आंधळ्या वळणांवर कड्याला किंवा भिंतीला गोल बहिर्वक्र आरसे लावलेले आहेत. त्यात समोरून काय येतंय ते दिसतं, फक्त असतं त्यापेक्षा लांब दिसतं.

बसचं काय करायचं? वळणाआधी ती भोंगा देते. भोंगा ऐकला की वळणाच्या अलीकडेच उजवीकडे थांबा. बसला ते वळण दोन्ही लेन वापरून घ्यावं लागतं. घाटात एसटी वळते तेव्हा आपण जसे आपसूक कडेला होतो, तसंच. तिच्या आणि कठड्याच्या फटीतून निघून जाणारी स्थानिक पोरं दिसतील. त्यांचा जन्म इथला आहे, त्यांच्या मागे जाऊ नका.

मागे बसणाऱ्याने वळणात चालवणाऱ्याच्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघावं, म्हणजे वजन आपोआप बरोबर पडतं. फोटोसाठी अचानक मागे वळून बसू नये. आणि मोबाइल चालवणाऱ्याच्या हातात नकोच, त्याला जबर दंड आहे.

दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. लिमोन्चेल्लो, म्हणजे इथली लिंबाची गोड दारू, बाटलीतून घरी आणा.

पायरी ८: थांबे कसे निवडायचे

माझा हिशोब साधा आहे: तीन गावांत उतरायचं, बाकीच्यांत फार तर पाच-दहा मिनिटं. खाली सोरेंतोहून निघाल्यावर लागतील तसे थांबे दिले आहेत.

*पोझितानो.* पहिला थांबा गावाच्या आधी, वरच्या सज्जावर. घरांचा उतरता ढीग आणि तळाशी सांता मारिया अस्सुंता चर्चचा पिवळ्या-हिरव्या चिनीमातीच्या कवलांचा घुमट इथूनच नीट दिसतो. समुद्रात पश्चिमेला दिसणारी लहान बेटं म्हणजे ली गाल्ली. गाणं म्हणून खलाशांना भुलवणाऱ्या सायरन तिथे राहत, अशी दंतकथा. गावात उतरायचं तर स्कूटर वर लावून पायऱ्या उतराव्या लागतात, आणि त्या परत चढाव्याही लागतात. एका दिवसाच्या सहलीत मी पोझितानो वरूनच बघून पुढे जाईन. गाव बाहेरून जितकं सुंदर, तितकं आतून दुकानांचं.

*प्रायानो.* गर्दी कमी, सान जेन्नारो चर्चसमोरचा चौक मोकळा आणि समुद्राकडे उघडा. कॉफी इथे प्या, उभ्याने, काउंटरवर. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते.

*फुरोरे.* रस्ता एका अरुंद घळीवरून सुमारे ३० मीटर उंचीच्या पुलाने जातो. खाली घळीच्या तोंडाशी इवलासा किनारा आणि मच्छीमारांची जुनी घरं. उन्हाळ्यात या पुलावरून समुद्रात उड्या मारायची स्पर्धा होते. पुलावर गाडी उभी करू देत नाहीत, जागा नसतेच. पुढे कोंका देई मारिनीजवळ एमेराल्ड ग्रोटो ही पाचूसारख्या पाण्याची गुहा आहे, १९३२ मध्ये एका कोळ्याला सापडलेली. रांग दिसली तर सोडून द्या.

*आमाल्फी.* इथे उतरा. दीड तास तरी. एवढ्याशा गावात एवढं कॅथेड्रल कशासाठी, हा प्रश्न पायऱ्यांशीच पडतो. नवव्या शतकापासून हे स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक होतं, व्यापार थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत. कॅथेड्रलचा काशाचा दरवाजा तिथेच अकराव्या शतकात ओतला. मग ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने लूट केली, आणि १३४३ च्या समुद्री प्रलयात बंदराचा भाग गेला. बासष्ट पायऱ्या चढून आत जा, शेजारचं चिओस्त्रो देल पारादीसो हे एकात एक गुंतलेल्या टोकदार कमानींचं अंगण चुकवू नका. त्या कमानींत अरबी हात स्पष्ट दिसतो. वेळ उरला तर गावाच्या वरच्या टोकाला कागदाचं संग्रहालय आहे. चिंध्यांपासून हाताने कागद करायची इथली जुनी परंपरा आहे, आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणारे चिंध्या कुटायचे लाकडी हातोडे तिथे अजून आहेत.

जेवण इथे नको, शेजारच्या *अत्रानी*त. आमाल्फीपासून पायी दहा मिनिटं, क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका, अवघी ०.१२ चौरस किलोमीटर. स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात, म्हणून दीडपर्यंत टेबल धरा. शाकाहारींसाठी न्योक्की अल्ला सोर्रेंतीना (टोमॅटो-चीजमधले बटाट्याचे छोटे गोळे), कॅप्रेसे (टोमॅटो-मोझरेलाचं सॅलड), भाज्यांचे पिझ्झे. इथला खास पास्ता शालातिएल्ली बहुतेकदा समुद्री जिन्नस घालून येतो, तेव्हा आधी विचारा. मासे खाणाऱ्यांनी 'कोलातुरा दी अलीची' मागावं: याच किनाऱ्यावरच्या चेतारा गावातल्या मिठात मुरवलेल्या अँकोव्हींचा झिरपलेला अर्क. तपकिरी, चमचाभरच, पण सगळ्या ताटाला पुरतो.

*राव्हेल्लो.* समुद्रापासून सुमारे ३५० मीटर उंच. चढाचा रस्ता लिंबाच्या बागांमधून जातो. चेस्टनटच्या काठ्यांचे मांडव, त्यांवर टाकलेल्या जाळ्या, आणि दगडाच्या पायऱ्या-पायऱ्यांवर रचलेली माती. ही लांबट, टोकदार लिंबं 'स्फुसातो'. उतार इतके उभे की आजही बरीच लिंबं माणसाच्या खांद्यावरून खाली येतात. मुख्य चौकात गाड्यांना मनाई आहे, स्कूटर खालच्या पार्किंगमध्ये. व्हिला रुफोलो आणि व्हिला चिम्ब्रोने यांपैकी एकच निवडा. व्हिला रुफोलोची बाग पाहून १८८० मध्ये जर्मन संगीतकार वागनरला त्याच्या संगीतनाट्यातली जादूगाराची बाग सुचली, आणि १९५३ पासून इथे उन्हाळी संगीत महोत्सव होतो. चिम्ब्रोनेला चौकातून आणखी चालावं लागतं, पण टोकाच्या गच्चीवर संगमरवरी अर्धपुतळ्यांच्या रांगेपलीकडे थेट खोल समुद्र. चालायची तयारी असेल तर चिम्ब्रोने.

सालेर्नोहून येणाऱ्यांनी पोझितानो सोडून द्यावं आणि त्याऐवजी चेतारा आणि चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध व्हिएत्री सुल मारे धरावं. प्लेट घेतलीत तर दुकानातूनच कुरिअर करा. सीटखाली ती टिकत नाही.

पायरी ९: परतताना

चारनंतर थकवा जाणवायला लागतो आणि चुका याच वेळी होतात. राव्हेल्लोच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा असं करा. ऊन डोळ्यांत येत असेल तर मार्गदर्शकाला दर अर्ध्या तासाने थांबायला सांगा. तसं सांगण्याचेच पैसे दिलेले आहेत. आमाल्फीच्या पश्चिमेला आजेरोलामार्गे डोंगरावरून परतायचा दुसरा रस्ता आहे. समुद्राकाठची कोंडी टळते, हवा गार असते, पण चढ लांब आणि मध्ये मोठा बोगदा. अंधार पडायच्या आत पोहोचत असाल तरच.

वाटेत पाऊस आलाच तर पहिली दहा मिनिटं सगळ्यात निसरडी. धूळ आणि तेल तेव्हाच वर येतं. टपरी, चर्च, बोगद्याआधीचा कोपरा, जे सापडेल तिथे थांबा. अपघात झाला तर ११२.

पायरी १०: चावी देताना

पेट्रोल कितपत भरून द्यायचं ते सकाळच्या फॉर्मवर असतं. सकाळसारखाच व्हिडिओ पुन्हा काढा, त्याच क्रमाने, आणि तपासणाऱ्या माणसासमोर. 'ठीक आहे' असं तोंडी न घेता फॉर्मवर सही घ्या. अनामत रक्कम कधी मोकळी होईल ते विचारा. कार्डावर ती दिसायला काही दिवस लागतात. गावांच्या जुन्या भागात, जिथे बाहेरच्या गाड्यांना मनाई असते आणि कॅमेरे नजर ठेवतात, तिथे शिरला असाल तर दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी येऊ शकते, भाडेकंपनीच्या हाताळणी शुल्कासह. म्हणून करारपत्र आणि दोन्ही व्हिडिओ वर्षभर तरी पुसू नका.